चलनाचा फोटो म्हणजे भरलेला टॅक्स नव्हे

मी एसी मेकॅनिक आहे. छत्रपती संभाजीनगरात, वाळूजच्या बाजूला राहतो. अकरा वर्षं एका डीलरकडे पगारावर काम केलं आणि जून २०२२ मध्ये स्वतःचं सुरू केलं. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत टॅक्स म्हणून मी दिलेले २,८१,८०० रुपये सरकारकडे पोचलेच नाहीत. ते कसे गेले हे सविस्तर लिहितोय, कारण आमच्या लाइनमधली बरीच पोरं आता नोकरी सोडून स्वतःची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं, घ्यायला लागली आहेत, आणि मी जिथे अडकलो त्याच वाटेने त्यांना जायचं आहे.

सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल वीस लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी सक्तीची होते. सुरुवातीला माझी तेवढी नव्हती. पण कंपनीचं काम मागायला गेलं की पर्चेसवाले पहिल्यांदा विचारतात, जीएसटी नंबर आहे का? म्हणून स्पेअरच्या दुकानात ओळख झालेल्या एका कर सल्लागाराकडे गेलो. बोलायला गोड, वयाने माझ्याएवढाच. त्याचं नाव इथे लिहीत नाही, मी पोलिसांत दिलेल्या अर्जाची चौकशी चालू आहे.

नोंदणीचे त्याने ३,५०० घेतले आणि उद्यमच्या, म्हणजे छोट्या उद्योगाच्या नोंदणीच्या, दाखल्याचे १,२००. दोन्ही गोष्टी सरकारी पोर्टलवर फुकट होतात. कुणी आपल्यासाठी बसून फॉर्म भरला तर त्याच्या मेहनतीचे पैसे घ्यावेत, त्यात काही गैर नाही. पण त्याने ती ‘सरकारी फी’ म्हणून सांगितली होती. तिथेच मी पावती मागायला हवी होती.

खरी गोम फॉर्ममध्ये होती. मोबाईल नंबर आणि ईमेलच्या रकान्यात त्याने स्वतःचे टाकले. मी विचारलं तर म्हणाला, ‘‘दादा, तुम्ही शिडीवर असणार, हातात गेज. ओटीपी आला तर देणार कसा? दहा मिनिटांत जातो तो. माझाच नंबर राहू द्या, तुम्हाला त्रास नको.’’ मला ते पटलं. मे महिन्यात आम्ही खरंच दिवसभर गच्चीवर असतो, फोन खाली पिशवीत असतो. पण त्या एका रकान्यामुळे माझ्या धंद्याची किल्ली त्याच्याकडे गेली. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे, खात्याच्या नोटिसाही त्याच्याच ईमेलवर.

मग महिन्याची पद्धत बसली. पाच तारखेपर्यंत मी विक्रीच्या आणि खरेदीच्या बिलांचे फोटो पाठवायचे. पंधरा-सोळा तारखेला त्याचा हिशोब यायचा. ऑगस्ट २०२२ चा अजून माझ्याकडे आहे : बिलं १,७०,०००, त्यावर १८ टक्क्यांनी ३०,६००. कॉम्प्रेसर, गॅस, कॉपर पाईप यांच्या खरेदीवर मी दुकानदाराला दिलेला जीएसटी ११,२००, तो वजा. भरायचे १९,४००. हिशोब पैशापर्यंत बरोबर असायचा, मी दोनदा कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिला होता. त्या बरोबर हिशोबामुळेच माझा विश्वास बसला. पैसे मी त्याच्या नंबरवर पाठवायचो, काही महिने रोख दिले. संध्याकाळी टॅक्सच्या चलनाचा फोटो यायचा. त्यावर माझ्या फर्मचं नाव, २७ पासून सुरू होणारा माझा जीएसटी नंबर, १९,४०० ची रक्कम आणि वर चौदा आकडी क्रमांक. मी फोटो जपून ठेवायचो. माझ्या मते ती पावती होती.

ती पावती नव्हती. पोर्टलवर कुणीही आपल्या खात्यातून हव्या त्या रकमेचं चलन तयार करू शकतो. त्यावर चौदा आकड्यांचा सीपिन येतो. एक रुपयाही भरलेला नसताना ते चलन तसंच दिसतं. पंधरा दिवसांत पैसे भरले नाहीत तर ते आपोआप बाद होतं. पैसे खरोखर जमा झाले तरच बँकेकडून सीआयएन, म्हणजे भरलेल्या चलनाचा ओळख क्रमांक, मिळतो, आणि तो पैसे भरल्याच्या पावतीवर असतो. माझ्या मोबाईलमधल्या चौदा फोटोंपैकी एकावरही सीआयएन नव्हता. लॉगिन न करताही पोर्टलवर आपला जीएसटी नंबर आणि सीपिन टाकला की त्या चलनाचे पैसे भरले गेले की नाही ते दिसतं. मिनिटाचं काम. मला ते ठाऊक नव्हतं.

एकदा शंका आली होती, हेही सांगतो. दिवाळीत मेहुणा म्हणाला, पोर्टलवर बघू या. कुणाचाही नंबर टाकून त्याची रिटर्न भरली गेली की नाही हे पाहता येतं. आम्ही पाहिलं, सगळ्या महिन्यांपुढे ‘फाइल्ड’ आणि तारखाही वेळेतल्या. मी निश्चिंत झालो. पण त्या तक्त्यात रिटर्न भरल्याचं दिसतं, त्यात काय भरलंय ते दिसत नाही. शून्याचं रिटर्नही तिथे ‘फाइल्ड’च असतं.

सप्टेंबर २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात वाळूजमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समधून फोन आला. ‘‘तुमचं एकही बिल आमच्या टू-बीत येत नाहीये. गेल्या वर्षीच्या जुलैपासून एकही नाही. टॅक्सची रक्कम होल्डवर टाकतोय.’’ टू-बी म्हणजे खरेदी करणाऱ्याला दिसणारी यादी : कुठल्या विक्रेत्याने आपलं बिल सरकारकडे दाखवलंय आणि त्यावर आपल्याला किती क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून वजावट, मिळणार. मी बिल दिलं, त्यांनी माझ्याकडे १८ टक्के भरले, पण माझ्या रिटर्नमध्ये ते बिलच नाही. त्यांच्या दृष्टीने लबाड मी होतो. दोन दिवसांत दुसऱ्या कंपनीनेही तेच केलं. दोघांचे मिळून ९६,००० अडकले.

सल्लागाराला फोन केला. आधी म्हणाला सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, मग म्हणाला पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करतो. पासवर्ड मागितला तेव्हा आवाज बदलला. तो त्याने दिलाच नाही.

शेवटी राज्य कर कार्यालयात गेलो. सल्लागाराने स्वतःचाच मोबाईल आणि ईमेल टाकून ठेवल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या होत्या, म्हणून २०१८ मध्येच सरकारने त्यावर मार्ग काढून ठेवला आहे. आपल्या विभागाच्या अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन जायचं. ते खात्री करून नवा मोबाईल, नवा ईमेल नोंदवतात आणि पासवर्ड नव्याने मिळतो. आपला विभाग कोणता तेही पोर्टलवर नंबर टाकला की कळतं. माझं काम आठ-नऊ दिवसांत झालं. पण तिथल्या मॅडम जे बोलल्या ते मला आजही टोचतं. मी फोनमधले व्यवहार दाखवत होतो, हे बघा मी दर महिन्याला भरलेत म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुम्ही त्यांना दिलेत. सरकारला नाही दिले.’’

खातं उघडलं. प्रत्येक महिन्याच्या थ्री-बीची, म्हणजे टॅक्सच्या मासिक रिटर्नची, पीडीएफ काढली. ३.१ क्रमांकाच्या तक्त्यात पहिल्या ओळीत आपल्या विक्रीचा आकडा असतो. चौदाही महिने तिथे शून्य. शून्याचं रिटर्न नोंदवलेल्या मोबाईलवरून नुसत्या एसएमएसने भरता येतं, २०२० पासून ती सोय आहे. धंदा नसलेल्या महिन्यात छोट्या माणसाला त्रास नको म्हणून केलेली चांगली सोय. तिच्या जोरावर याने माझे पैसे खाल्ले.

नव्या अकाउंटंट ताईंनी पहिलं काम केलं ते कॅलेंडर बघायचं. २०२२-२३ च्या खरेदीचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२३ पर्यंतच घेता येणार होतं. कंपनीचा तो फोन डिसेंबरात आला असता, तर पहिल्या नऊ महिन्यांच्या खरेदीवरचं क्रेडिट कायमचं गेलं असतं. चार रात्री आम्ही नवरा-बायको जमिनीवर बिलं मांडून बसलो. बायकोने पहिल्या दिवसापासून शंभरपानी वहीत रोजमेळ लिहिला होता, तारीख, कुणाकडून आले, कुणाला दिले. त्या वहीवरून सगळं उभं राहिलं. सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये मागची सगळी बिलं दाखवली. तेच २,८१,८०० पुन्हा भरले आणि अठरा टक्के दराने व्याजाचे जवळपास पन्नास हजार वर. भिशी लवकर उचलली, उरलेले सासऱ्यांनी दिले. कंपन्यांच्या यादीत बिलं आली, अडकलेले पैसे सुटले. एका कंपनीने एएमसी मात्र पुढे दिली नाही.

सल्लागाराने दोन हप्त्यांत ४०,००० परत केले, मग फोन बंद. ऑफिसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. पोलिसांत अर्ज दिलाय. फोनवरून पाठवलेल्या रकमांना पुरावा आहे. रोख दिलेल्या ६१,००० ना आमच्या वहीतल्या नोंदीशिवाय काही नाही.

आता मी कसं करतो ते सांगतो. बिलाचे पैसे आले की त्यातला १८ टक्क्यांचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकतो. तो माझा नाहीच, गिऱ्हाइकाने सरकारसाठी माझ्या हातात ठेवलेला आहे. नोकरीतून आलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो, कारण खात्यात आकडा दिसला की ती कमाईच वाटते. ताई हिशोब करतात, चलन तयार करून पाठवतात. पैसे मी माझ्या नेट बँकिंगमधून भरतो आणि सीआयएन आलेली पावती काढून घेतो. ओटीपी माझ्याच फोनवर येतो. आणि सांगायला हवं, शिडीवर असतानाही देता येतो. ताई आधी विचारतात, ‘‘मोकळे आहात का?’’ अकरा आणि वीस तारखेच्या आत महिन्यातून दोनदाच लागतो तो. वीस तारखेनंतर थ्री-बीची पीडीएफ उघडून ३.१ मधला आकडा वहीशी जुळवतो. बायको वाचते, मी टिक करतो.

शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डरने परवा नवीन जीएसटी नंबर काढलाय, एका ओळखीच्याकडून. सगळं त्यानेच केलं, मला काही बघावं लागलं नाही, असं तो आनंदाने सांगत होता. फॉर्मवर मोबाईल कुणाचा टाकलाय, हे त्याला माहीत नाही. आज संध्याकाळी दोघं बसून बघणार आहोत.