आठ दात दाखवले, शेपटी नाही दाखवली

विकणाऱ्याच्या व्हिडिओत शेळीचं करडू चांगलं टणाटण उड्या मारत होतं. मी भुलले त्या उड्यांना. आमच्याकडे दोन शेळ्या आहेत, पण त्या मोठ्या झालेल्याच आणलेल्या. कोवळं करडू सांभाळायची ही पहिलीच खेप, आणि विकणाऱ्याला ते माझ्या पहिल्या दोन प्रश्नांतच कळलं असणार.

त्याने बोलावलं दिवेलागणीला. "दिवसा मी कामात असतो, ताई." गेले तेव्हा करडू अंगणात एकटंच बांधलेलं होतं. बाकीची करडं मागच्या वाड्यात, आणि वाड्याचं दार ओढून घेतलेलं. त्याने करडाचं तोंड उघडून दाखवलं. खाली आठ दात, वर पुढे एकही नाही. मी दचकले. आमच्या शेळ्यांच्या तोंडात कधी वाकून पाहिलंच नव्हतं. तो हसला. "ताई, शेळीला वरचे पुढचे दात नसतातच. नुसती कडक हिरडी असते."

हे अगदी खरं होतं. मी तिथेच गळाला लागले. माणूस जाणकार आहे, आपल्याला शिकवतोय, म्हणजे खोटं कशाला बोलेल? मग तो पुढे म्हणाला, "आठच्या आठ आलेत. चार महिन्यांचं आहे पक्कं. दूध तुटलंय, पाल्यावर लागलंय." मी मान डोलावली.

आता माहीत आहे ते सांगते. करडाचे खालचे आठही दुधाचे दात साधारण महिनाभरात येऊन जातात. ते पडून कायमच्या दातांची पहिली जोडी येते ती वर्ष उलटल्यावर. म्हणजे आठ बारीक दात दिसले की करडू महिन्याच्या पुढचं आणि वर्षाच्या आतलं आहे, एवढंच कळतं. चार महिने की दीड महिना, हे दात सांगत नाहीत. माझं करडू दीड-पावणेदोन महिन्यांचं होतं आणि आईपासून नुकतंच ओढून काढलेलं होतं. दूध तुटलं नव्हतं, तोडलं होतं.

खटकायला हवं होतं असं तिथे बरंच होतं. अंग कोरडं, पण मागच्या मांड्या आणि शेपटीखालचे केस ओले. "आत्ताच धुतलं, तुम्ही येणार म्हणून." मला ते स्वच्छतेचं लक्षण वाटलं! मानेला हात लावला की ते अंग चोरायचं. मला वाटलं बुजतंय. पाठ थोडी कमानीसारखी वर, केस रुक्ष आणि उभे. पोट मात्र गोल गरगरीत. ताणकाट्याला अडकवून त्याने नऊ किलो दाखवले. घरी आणल्यावर ते मिनिटामिनिटाला मुतत होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या काट्यावर आठ भरलं. मीठ चारून वर पोटभर पाणी पाजलं की असं पोट तयार होतं, हे नंतर कळलं.

रात्री ते इतकं ओरडलं की मला राहवेना. उचलून आमच्या शेळ्यांत नेऊन सोडलं. ही चूक विकणाऱ्याची नाही, माझी. नवीन जनावर किमान महिनाभर वेगळं बांधायचं, त्याचं पाणी आणि चाऱ्याचं भांडंही वेगळं ठेवायचं. पुढे डॉक्टरांनी मला यावरून झापलं. पीपीआरसारखा साथीचा रोग असता तर एका करडापायी दोन्ही शेळ्या पणाला लागल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी करडू मलूल झालं. कान पडले, पाल्याला तोंड लावेना, रवंथ बंद. शेपटी आणि मांड्या काळपट पातळ घाणीने माखलेल्या, मध्येमध्ये शेंबडासारखी तार आणि लालसर रेघ. ते कुंथायचं आणि चमचाभर काहीतरी पडायचं. विकणाऱ्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "माझ्याकडून गेलं तेव्हा ठणठणीत होतं. व्हिडिओ आहे ना तुमच्याकडेच?" ज्या व्हिडिओला मी भुलले तोच त्याचा पुरावा झाला. वर दयाही दाखवली: "जागा बदलली की होतं असं. आमचा एक माणूस आहे, जनावरांचं सगळं बघतो. पाठवतो."

तो माणूस आला. त्याने करडाचा ताप मोजला नाही, वजन केलं नाही, शेपटी उचलूनही पाहिली नाही. पिशवीतून सुई काढली, मानेत टोचली. मग लेबल खरवडून काढलेली बाटली दिली. "जंताचं आहे. दोन वेळा पाजा, पोट साफ." त्याच्या समोरच पहिला घोट पाजला. त्याने करडाची मान पार वर उचलून धरली आणि बाटली तोंडात उपडी केली. करडू ठसकलं, नाकातून पांढरं बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी परत आला, परत सुई, परत पैसे. आणि मी दिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण ती काडी पैसे घेऊन विकणारा माणूस कसा दिसतो ते मी तेव्हा पाहिलं.

चौथ्या रात्री करडू आडवं पडलं. तोंडात बोट घातलं तर आतून गार. मी घाईघाईने कोमट दूध बाटलीत भरलं. नशीब, त्याआधी पशुवैद्यकांना फोन लागला. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "दूध पाजू नका. आधी ऊब द्या."

करडू गार पडलं की त्याची आतडी काम करत नाहीत. दूध तसंच पडून राहतं, पोट फुगतं. शिवाय मान धरता येत नसलेल्या, गिळता येत नसलेल्या करडाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुप्फुसात उतरू शकतं. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आम्ही त्याला मध्ये ठेवलं. सकाळी डॉक्टर आले. थर्मामीटर मागच्या बाजूने लावला: 99.6 फॅरनहाइट. शेळीचं साधारण 101.5 ते 103.5 असतं. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली. अंगातलं पाणी किती गेलंय ते मला त्या दोन सेकंदांत दिसलं. खालची पापणी उलटून तिचा रंग पाहिला, कारण रक्त पिणारे जंत असतील तर ती पांढरी पडते. तशी पडली नव्हती. मग बोटाने थेट आतून नमुना घेतला. जमिनीवर पडलेला चालत नाही म्हणाले.

सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सिडिया निघाले, भरपूर. हे जंत नव्हेत, एकपेशीय परजीवी. बहुतेक कळपांत थोडेफार असतातच, मोठ्या शेळ्यांना सहसा काही करत नाहीत. पण तीन आठवडे ते पाच महिन्यांचं करडू, त्यात दूध अचानक तोडलेलं, दाटीवाटीच्या ओल्या वाड्यातलं, वर प्रवास, म्हणजे त्यांना रानच मोकळं. आणि जंतनाशकाने त्यांचं काही वाकडं होत नाही. म्हणजे बाटलीत खरोखर जंतनाशकच होतं असं धरलं, तरी दोन दिवस आम्ही भलत्याच रोगाचं औषध पाजत होतो.

कातडीखाली सलाइन, मग अंगात ऊब आल्यावर थोडंथोडं करून क्षार-साखरेचं पाणी, वजनावर मोजून कॉक्सिडियाचं औषध. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आठ किलोच्या करडाचा डोस वाचून कोणी चार किलोच्याला पाजेल. खाली रोज कोरडं अंथरूण, आणि पाण्याचं भांडं उचलून उंचावर टांगलं, कारण लेंडीतून पाण्यात आणि पाण्यातून परत तोंडात, असं हे चक्र चालतं. उपचारांच्या पाचव्या दिवशी पहिल्या गोल लेंड्या पडल्या. लेंड्या पाहून एवढा आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी मानेवर हात फिरवून विचारलं, "सुया कोणत्या बाजूला दिल्या?" मी म्हटलं, दोन्ही डावीकडे. उजवीकडेही एक गाठ होती, घट्ट, जुनी. विक्रीआधीचीच. काही इंजेक्शनांनी ताप दबतो, भूक लागते, जनावर एक-दोन दिवस तरतरीत दिसतं. उड्यांचा व्हिडिओ आणि माझी दिवेलागणीची भेट बहुधा त्या एक-दोन दिवसांतच बसवलेली होती. हात लावला की अंग का चोरत होतं, तेही तेव्हा कळलं.

आता कोणी करडू घ्यायला निघालं की मी सांगते: सकाळी जा, आणि न कळवता गेलात तर उत्तम. आई कुठे आहे ते विचारा, तिच्याजवळ सोडायला लावा. प्यायला धावलं तर दूध तुटलेलं नाही. बाकीची करडं बघा, दार लावलेलं असेल तर तिथूनच मागे फिरा. स्वतः शेपटी उचला. अर्धा तास नुसते बसून राहा, तेवढ्यात ते लेंड्या टाकतं की पिचकारी मारते, हे आपोआप दिसतं. मानेवरून दोन्ही बाजूंनी बोटं फिरवा. थर्मामीटर सोबत न्या. विकणारा हसेल, हसू दे.

आमचं करडू जगलं. वर्षाचं होईल तेव्हा ते त्याच्या वयाच्या बाकीच्या करडांच्या पाऊणपटच भरेल, कारण आतड्याचं अस्तर एकदा खरवडलं की मागे पडलेली वाढ बहुतेकदा भरून निघत नाही. उजवीकडची गाठ वाटाण्याएवढी होऊन राहिली आहे. खाजवलेलं त्याला आवडतं, पण हात त्या जागी गेला की अजूनही मान काढून घेतं.