सात महिने ६०० एमएमची लेन्स आणि तपकिरी बदकं

१५०-६०० एमएम झूम लेन्स घेतली ती बदकांसाठीच. आधीच्या ३०० मध्ये पाण्यावर नुसता ठिपका यायचा, आणि जवळ जावं तर थवा उडालाच म्हणून समजा.

वजन दोन किलोच्या आसपास. पहिल्याच आठवड्यात खांद्याने तक्रार केली. ट्रायपॉड आणला, पण तो उभा करेपर्यंत सगळ्या माना ताठ! आता काठावर पालथा पडतो आणि लेन्स बीनबॅगवर टेकवतो. बदकाच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटोही छान येतो. कपड्यांचं काय होतं ते विचारू नका.

६०० ला अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक, फार तर एफ ६.३ एवढंच उघडतं, म्हणजे पहाटेच्या कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवावाच लागतो. उडत्या बदकाला शटर १/२००० सेकंदापेक्षा हळू ठेवत नाही. लेन्स खाली तोंड करून लटकवली की नळी आपोआप बाहेर घसरते. लॉकचं बटण आहे, ते मी विसरतो.

महिनाभर मला वाटत होतं की लेन्सच सदोष आली. दुपारचे सगळे फोटो मऊ, पिसं पुसल्यासारखी. तक्रारीचा मेल लिहून तयार होता. मग दुपारी मऊ आलेल्या एका लाकडी खुंटावरच सकाळी सातला फोकस केला, तर लाकडाच्या रेषा मोजून घ्याव्यात! दोष होता पाण्यावरच्या तापलेल्या, थरथरणाऱ्या हवेचा. मेल खोडला.

ओळखीचं म्हणाल तर नरांना एवढी लेन्स लागतच नाही. थापट्याची फावड्यासारखी चोच आणि तलवार बदकाची शेपटी दुर्बिणीतूनही पुरते. घोळ माद्यांचा. पिसन्‌पीस दिसतं, नाव मात्र ठरत नाही, कारण पुरावा मिटलेल्या पंखात असतो. पंखावरचा चमकदार पट्टा, म्हणजे स्पेक्युलम, मॅलार्डला निळा आणि दोन्ही कडांना पांढरा, गडवालला पांढरा, चक्रांगला हिरवा. हिरवा पट्टा प्रकाश फिरला की काळाही दिसतो, म्हणून एका फोटोवर भरवसा नाही. बदक आंघोळ करायला लागलं की बोट शटरवर ठेवायचं. डुबक्या मारून झाल्या की ते बहुधा छाती वर काढून पंख फडफडवतं. तेवढ्या दोन सेकंदांत बर्स्ट, म्हणजे सलग धडाधड फोटो.

असाच एक बर्स्ट मी डिलीट करणार होतो. भुवई बदकाची मादी, डोकं फ्रेमबाहेर, पंख हललेला. पण पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी होता, आणि तो नराचा असतो. विणीनंतर नर मादीसारखी तपकिरी पिसं घेतात, उडायची पिसं एकदमच गळल्याने काही आठवडे उडूही शकत नाहीत, आणि भुवई बदकाचा नर तो वेष बराच काळ, हिवाळ्यातही, सोडत नाही. पंख तेवढा नराचाच राहतो.

तो फोटो कुणाला दाखवण्यासारखा नाही. ‘भुवई मादी’ फोल्डरमधून मात्र त्याच पक्ष्याचे बत्तीस फोटो बाहेर काढावे लागले.