रिक फ्लेअरचा नॅशव्हिलमधला ‘शेवटचा’ सामना : पैसे मोजून पाहावा का?

निवृत्त व्यावसायिक कुस्तीगिरांनी पुन्हा रिंगमध्ये उतरावे की नाही, यावर चाहत्यांमध्ये कायम वाद चालतो. पण ३१ जुलै २०२२ रोजी नॅशव्हिलच्या म्युनिसिपल ऑडिटोरियममध्ये झालेल्या ‘रिक फ्लेअर्स लास्ट मॅच’ या कार्यक्रमाचे सारे भांडवलच तो वाद होता. ७३ वर्षांचा, हृदयासाठी पेसमेकर बसवलेला आणि सोळा वेळा विश्वविजेता म्हणून गौरवला गेलेला माणूस अखेरचा लढणार, एवढ्या एका वाक्यावर तिकिटे विकली गेली आणि घरी बसून पाहणाऱ्यांकडूनही वेगळे पैसे घेतले गेले. या कार्यक्रमाचे संपूर्ण चित्रीकरण पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की विकत घेतलेली वस्तू म्हणून त्याचा पहिला भाग चांगला आहे आणि ज्या सामन्यासाठी तो विकला गेला, नेमका तोच सामना कोणालाही पाहायला सांगू नये असा आहे. मात्र त्याचे कारण फ्लेअरचे वय नव्हे.

आधी चांगल्या बाजूविषयी. कार्यक्रम ‘जिम क्रॉकेट प्रमोशन्स’ या जुन्या नावाखाली सादर केला गेला. फ्लेअर ज्या कंपनीत मोठा झाला आणि जी १९८८ मध्ये माध्यमसम्राट टेड टर्नर यांच्याकडे गेली, तिचेच हे नाव. त्यामुळे जुन्या प्रेक्षकाला सजावटीपासूनच आपलेपणा वाटतो. सुरुवातीच्या लढतींमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे मल्ल एकाच रात्री पाहायला मिळतात, आणि हे एरवी सहसा घडत नाही. त्यांतली रिकी मॉर्टनची लढत मुद्दाम पाहावी. साठी ओलांडलेला हा गडी आपल्या मुलासोबत जोडीच्या सामन्यात उतरतो, हुशारीने थोडेच काम करतो, मार खाण्याची आपली जुनी हातोटी दाखवतो आणि वेळेवर बाजूला होतो. त्याच रात्रीच्या मुख्य सामन्याने यातून काही घेतले असते, तर हे परीक्षण वेगळ्या सुरात लिहिले गेले असते.

मुख्य सामन्यात फ्लेअर आणि त्याचा जावई अँड्राडे एका बाजूला, तर जेफ जॅरेट आणि जे लीथल दुसऱ्या बाजूला होते. (कार्यक्रमाचे आयोजक कॉनराड थॉम्पसन हेही फ्लेअरचे जावईच. एवढा घरचा कारभार असताना ‘आता पुरे’ असे कोणी म्हणायचे, हा प्रश्न पाहताना सतत मनात येत राहतो.) प्रतिस्पर्ध्यांची निवड विचारपूर्वक झाली होती, हे मान्य करावे लागेल. लीथलने २०१० मध्ये फ्लेअरची समोरासमोर नक्कल करून नाव कमावले होते आणि या सामन्याच्या तयारीतही त्यानेच फ्लेअरला साथ दिली. जॅरेट नॅशव्हिलच्या परिसरातला आणि प्रेक्षकांचा राग ओढवून घेण्यात तरबेज. रिंगजवळ अंडरटेकर, ब्रेट हार्ट आणि मिक फोली हे नामवंत मल्ल बसलेले होते. आरंभीची काही मिनिटे हा मेळ जमतो. फ्लेअर छातीवर सपासप चपराका मारतो, ओरडतो, मिरवतो, आणि प्रेक्षकगृह त्याला तसाच प्रतिसाद देते. इथे थांबून चटकन शेवट केला असता, तर सर्वांचे भले झाले असते.

परंतु सामना पंचवीस मिनिटांच्या पुढे जातो. फ्लेअरच्या कपाळातून रक्त येऊ लागते. त्याच्या कारकिर्दीत ते नवे नाही, पण रक्ताने माखलेला ७३ वर्षांचा चेहरा कॅमेरा जवळून दाखवत राहतो, तेव्हा पाहणाऱ्याचे लक्ष कथेवरून उडून त्या माणसाच्या श्वासावर खिळते. तो रिंगच्या कडेला पडून राहतो आणि उठायला वेळ लावतो. शेवटी अँड्राडेकडून त्याला लोखंडी मूठ मिळते, तिचा ठोसा जॅरेटला बसतो, पायाच्या ‘फिगर फोर’ पकडीत जॅरेटचे खांदे मॅटला टेकलेले राहतात आणि पंच तीन मोजतो. जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी सुटल्याची भावना होते. उष्णतेने आणि शरीरातले पाणी कमी झाल्याने आपली शुद्ध हरपली होती, असे फ्लेअरने नंतर स्वतःच सांगितले.

या सामन्याचा मूळ दोष इथे आहे. थकल्याचे, हरल्याचे आणि कोसळण्याचे सोंग वठवणे हीच फ्लेअरची कला होती. ठोसा बसल्यावर दोन-चार पावले डुलत चालायचे आणि मग तोंडावर धाडकन पडायचे, हा त्याचा खास प्रकार इतका प्रसिद्ध आहे की त्याला त्याच्याच नावाने ओळखतात. चाळिशीतला फ्लेअर असा पडला की प्रेक्षक हसत, कारण पुढच्याच क्षणी तो उठून कावेबाजपणा करणार हे ठाऊक असे. ७३ व्या वर्षी तोच माणूस तसाच पडतो, तेव्हा हे सोंग आहे की खरेच काही बिघडले आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही आणि कदाचित शेजारी उभ्या असलेल्या साथीदारालाही कळत नसावे. व्यावसायिक कुस्तीचा सारा आनंद ‘हे सर्व ठरवून, सांभाळून चालले आहे’ या विश्वासावर उभा असतो. तो विश्वास गेला की उरते ती केवळ धास्ती, आणि या कार्यक्रमाने ती धास्तीच आकर्षण म्हणून विकली, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

निकाल ठरलेला असतो म्हणून मारही खोटा असतो, असा समज अजूनही आढळतो. रिंग म्हणजे पोलादी चौकटीवर टाकलेल्या लाकडी फळ्या, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर सपाट पाठीने पडणे, म्हणजे ‘बम्प’ घेणे, हे कौशल्य आहे. हनुवटी छातीला चिकटवायची, हात पसरायचे, आघात पाठभर वाटून घ्यायचा. पण कौशल्याने आघात वाटला जातो, नाहीसा होत नाही, आणि मानेचे मणके, गुडघे व मेंदू त्याचा हिशेब ठेवतात. फ्लेअरच्या बाबतीत तर १९७५ च्या विमान अपघातात पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडलेला होता आणि २०१७ मध्ये तो मृत्यूच्या दारातून परतला होता. हृदयाचा प्रश्न आणखी बेभरवशाचा. मल्ल आणि समालोचक जेरी लॉलर सप्टेंबर २०१२ मध्ये एक सामना लढून त्याच रात्री समालोचनाच्या टेबलाशी हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला होता. डॉक्टर जवळच असल्यामुळे तो वाचला.

आणखी एक गोष्ट खटकते. फ्लेअरचा निरोप आधीच झाला होता, आणि तो अप्रतिम झाला होता. ३० मार्च २००८ रोजी ऑर्लंडोमध्ये शॉन मायकल्सने त्याला हरवले, अखेरची लाथ मारण्यापूर्वी ‘मला माफ कर, माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असे ओठ हलवून सांगितले, आणि दुसऱ्या रात्री सारे सहकारी रिंगभोवती जमले. पुढच्याच वर्षी फ्लेअर ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात हल्क होगनविरुद्ध लढला आणि २०११ पर्यंत लढतच राहिला. तेव्हा २०२२ चा कार्यक्रम ज्या अखेरीचे पैसे मागत होता, ती प्रेक्षकांना एकदा विकून झालेली होती.

अर्थात, ‘त्याने घरी बसावे’ हे म्हणणे आपल्याला सोपे आहे. अमेरिकेतल्या या व्यवसायात मल्लांची संघटना नाही. मोठ्या कंपन्याही त्यांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानतात, त्यामुळे निवृत्तिवेतनाचा आधार बहुतेकांना नसतो. त्यात आयुष्यभर टाळ्यांची सवय लागलेली. अशा माणसाने परत यावे की नाही, हे ठरवण्याचा हक्क त्याचाच. परीक्षण करायचे ते त्याला परत आणणाऱ्यांनी त्याच्यासाठी काय बेतले, याचे. आणि त्या कसोटीवर हा कार्यक्रम इतरांच्या तुलनेत फार मागे पडतो.

तुलनेसाठी स्टिंग या मल्लाचे उदाहरण सर्वांत योग्य, कारण त्याचे नशीब फ्लेअरशीच बांधलेले आहे. मार्च १९८८ मध्ये ग्रीन्सबरोच्या कॉलिसियममध्ये फ्लेअरने त्याच्याशी ४५ मिनिटांची बरोबरी केली आणि त्या एका रात्रीत स्टिंग मोठा झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये सेथ रोलिन्सशी लढताना त्याच्या मानेला इजा झाली, मणक्यातली पोकळी अरुंद झाल्याचे निदान झाले आणि २०१६ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. डिसेंबर २०२० मध्ये तो एईडब्ल्यू या कुस्ती कंपनीत आला तेव्हा मीही कपाळाला हात लावला होता. पण तिथे त्याच्यासाठी केलेली योजना पाहण्यासारखी होती. परतल्यानंतरची पहिली लढत आधी चित्रित केलेली, म्हणजे चूक झाली तर पुन्हा घेता येणारी; त्यानंतर एकट्याची लढत नाहीच, नेहमी जोडीची किंवा त्याहून अधिक जणांची; सोबतीला डार्बी अ‍ॅलिन हा जिवावर उदार होऊन उड्या मारणारा तरुण, जो धावपळ करील आणि स्टिंगने हातात बॅट घेऊन नेमक्या क्षणी यावे. सामन्यांमध्ये भरपूर अंतर. ३ मार्च २०२४ रोजी त्याच ग्रीन्सबरोमध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्याने आणि अ‍ॅलिनने यंग बक्स या जोडीला हरवून जोडीचे विजेतेपद राखले आणि तो थांबला. त्या रात्री काच फुटली, टेबले मोडली, धोका होताच. तरी स्टिंगला काय झेपते आणि काय नाही हे चौघांनाही ठाऊक आहे, हे प्रत्येक हालचालीत जाणवत होते. रिंगजवळ फ्लेअरही होता, आणि त्यानेही लाथा खाल्ल्याच.

स्टीव्ह ऑस्टिनचा मार्ग आणखी साधा होता. एप्रिल २०२२ मध्ये आर्लिंग्टनला त्याला केवळ गप्पांच्या कार्यक्रमासाठी बोलावल्याचे जाहीर झाले होते. केविन ओवेन्सने आव्हान दिले आणि १९ वर्षांनंतर ऑस्टिन लढला. मारामारीच्या अंगाने जाणारी, नियम नसलेली लढत, बरेचसे काम ओवेन्सकडे आणि शेवटी सगळ्यांना हवा असलेला त्याचा ठेवणीतला डाव ‘स्टनर’. कोणीही त्याच्याकडून २००१ च्या ऑस्टिनची अपेक्षा केली नाही, म्हणून कोणाचा अपेक्षाभंगही झाला नाही.

याउलट, नोव्हेंबर २०१८ मध्ये रियाधला शॉन मायकल्सला आठ वर्षांनी परत आणले ते चौघे ज्येष्ठ एकाच सामन्यात कोंडून. ट्रिपल एचचा छातीचा स्नायू फाटला, केनचा मुखवटा निघाला आणि दमलेल्यांना सावरून घ्यायला रिंगमध्ये एकही तरुण नव्हता. जून २०१९ मध्ये जेद्दाहला गोल्डबर्गचे डोके खांबावर आदळले आणि पुढे त्याने उचलून टाकण्याचा डाव केला तेव्हा अंडरटेकर जवळजवळ मानेवर पडला. थकलेल्या मल्लांना परस्परांच्या भरवशावर सोडणे, ही या दोन्ही सामन्यांतली समान चूक होती. त्याच गोल्डबर्गने फेब्रुवारी २०२० मध्ये ‘फीन्ड’ ब्रे वायटला काही मिनिटांत हरवून त्याचे विजेतेपद घेतले. त्यात शरीराला धोका कमी होता, पण एका उमेदीच्या मल्लाची जवळजवळ वर्षभराची उभारणी त्यापायी वाया गेली. हाही परतण्याचाच एक खर्च आहे आणि तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

दुखापतीने अवेळी थांबलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी मानली पाहिजे. शॉन मायकल्स १९९८ मध्ये पाठीमुळे थांबला आणि २००२ मध्ये परतून आणखी आठ वर्षे उत्तम लढला. डॅनियल ब्रायनने २०१६ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी निवृत्ती घेतली, दोन वर्षे तपासण्या करून घेतल्या, कंपनीच्या डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावरच २०१८ मध्ये तो उतरला आणि त्याच वर्षी पुन्हा विजेता झाला. एजही मानेच्या विकारानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये परतला. यांना नकार देणारी एक यंत्रणा होती आणि तिने आधी नकार दिलाही होता, म्हणून तिच्या होकाराला किंमत होती. ट्रिपल एचने हृदयविकारानंतर आपले बूट रिंगमध्ये ठेवले, तेव्हा त्याला पुन्हा उतरवण्याची भाषा कोणी केली नाही.

तेव्हा ज्यांना फ्लेअरचा हा कार्यक्रम पाहायचाच असेल, त्यांनी सुरुवातीच्या लढती निवांत पाहाव्यात, मॉर्टन पितापुत्रांची लढत चुकवू नये, फ्लेअरचा प्रवेश आणि पहिल्या चपराका पाहून तिथेच चित्रीकरण बंद करावे. केवळ मुख्य सामन्यासाठी पैसे मोजण्याचा विचार असेल तर मोजू नयेत. त्यापेक्षा २००८ ची ऑर्लंडोची लढत पाहावी, आणि वय झालेल्या मल्लाला परत कसे आणायचे हे पाहायचे असेल तर स्टिंगची ग्रीन्सबरोची लढत.