व्रोत्स्वाफ : बुटक्यांच्या नकाशावरून पाहिलेले जुने शहर

पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहराच्या मध्यवर्ती चौकाला रिनेक म्हणतात आणि त्याच्या आसपासच्या दुकानांत शहरातील बुटक्यांचे, म्हणजे रस्तोरस्ती बसवलेल्या ब्राँझच्या छोट्या पुतळ्यांचे, छापील नकाशे विकत मिळतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनहून रेल्वेने जाऊन आम्ही तीन दिवस अशाच एका नकाशाच्या आधारे तेथील जुने शहर पायी पाहिले. सोबत नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि कोल्हापूरहून आलेल्या सासूबाई होत्या. नकाशाची किंमत किरकोळ आहे, परंतु त्याने आमची सहल सावरली, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

खरे तर पहिल्या सकाळी आम्ही एका कंपनीच्या मार्गदर्शित फेरीचे पैसे भरले होते. पंचवीसेक माणसांच्या त्या घोळक्यात मुलांना मोठ्यांच्या पाठींपलीकडे काहीच दिसत नव्हते आणि मार्गदर्शक एका इमारतीसमोर दोन मिनिटेही थांबत नव्हता. धाकट्याने तासाभरात फरसबंदीवरच बसकण मारली, तेव्हा आम्ही फेरी अर्धवट सोडली. जुनी शहरे मोठ्यांच्या उंचीवरून, किंबहुना मान वर करून पाहायची असतात आणि मुलांची नजर मात्र जमिनीजवळ असते, ही अडचण आम्हाला इतर शहरांतही आली होती. व्रोत्स्वाफने यावर जे उत्तर शोधले आहे, ते मला इतरत्र कुठेही आढळलेले नाही.

येथे भिंतींच्या पायथ्याशी, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, दिव्याच्या खांबांवर असे शेकडो ब्राँझचे बुटके आहेत. पोलिश भाषेत त्यांना क्रास्नाल म्हणतात. बहुतेकांची उंची वीत-दीड वीत, त्यामुळे ते आधी मुलांनाच दिसतात. श्फिद्निट्स्का रस्त्यावर दोन बुटके दगडाचा एक गोल ढकलत आहेत. मुलगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला, एकाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ निरखून म्हणाला, “आई, हे दोघं समोरासमोरून ढकलतायत, मग दगड हलणार कसा?” शिल्पकाराने जे सांगायचे ठेवले होते ते त्याने स्वतः शोधले, आणि बुटक्याच्या टोपीचे टोक हजारो हातांनी घासून कसे सोन्यासारखे पिवळे झाले आहे, हेही त्यानेच आम्हाला दाखवले.

हे बुटके केवळ पर्यटकांसाठी बसवलेली शोभा नाही, आणि पालकांनी हा भाग मुलांना अवश्य सांगावा. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यानंतर लोक भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहीत आणि पोलीस त्यांवर रंग फासून जात. ‘नारिंगी पर्याय’ या व्रोत्स्वाफमधील गटाच्या तरुणांनी १९८२ पासून त्या रंगाच्या डागांवरच बुटक्यांची चित्रे काढायला सुरुवात केली, कारण घोषणा लिहिणाऱ्याला पकडणे सोपे असले तरी बुटका काढणाऱ्यावर आरोप कोणता ठेवायचा, हे पोलिसांना सुचत नसे. जून १९८८ मध्ये, १ तारखेच्या बालदिनी, हजारो लोक बुटक्यांसारख्या टोप्या घालून याच रस्त्यांवर उतरले होते. त्या चळवळीच्या स्मरणार्थ २००१ मध्ये श्फिद्निट्स्का रस्त्यावर पहिला मोठा बुटका उभा राहिला आणि २००५ मध्ये शिल्पकार तोमाश मोचेक यांनी घडवलेले लहान बुटके शहरात आले. ते दगड ढकलणारे दोघे त्याच पहिल्या तुकडीतले. मुलीला मी हे सगळे त्यांच्याशेजारच्या बाकावर बसून सांगितले, आणि त्यानंतर तिने प्रत्येक भिंतीवरच्या रंगाच्या डागाकडे थांबून पाहिले.

आम्ही घेतलेल्या नकाशात एक मोठी उणीव आहे. त्यात ठिकाणे आणि नावे नेमकी आहेत, परंतु प्रत्येक बुटका तिथेच का आहे याविषयी जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे मुलांचा खेळ नुसत्या मोजणीवर घसरण्याचा धोका असतो. आमच्याकडेही दुपारी ‘सव्वीस झाले, सत्तावीस झाले’ सुरू झाले होते आणि बुटक्याच्या मागे उभी असलेली इमारत कोणीच पाहत नव्हते. संध्याकाळी आम्ही नकाशावर पंधराच खुणा केल्या आणि दुसऱ्या दिवशी नियम ठरवला : बुटका सापडला की शेजारची वास्तू कोणती, हे त्याच्या हातातल्या वस्तूवरून ओळखायचे. हा बदल फार लाभला. स्तारे यात्की या जुन्या खाटीक-गल्लीत खाटीक बुटका आहे आणि त्याच गल्लीत कत्तल झालेल्या जनावरांच्या स्मरणार्थ डुक्कर, बोकड, हंस अशी ब्राँझची शिल्पे आहेत. विद्यापीठाजवळच्या चौकात तलवारबाजाचा जुना पुतळा आहे आणि त्याच परिसरात छोटा तलवारबाज बुटका. नगरभवनाजवळचे तिघे तर सर्वांनीच पाहावेत : एक चाकांच्या खुर्चीत, एक अंध आणि एक बहिरा. मुलीने अंध बुटक्याच्या काठीवर डोळे मिटून बोट फिरवून पाहिले.

माग्दालेना चर्चच्या दोन मनोऱ्यांना जोडणाऱ्या पुलावर जाण्यासाठी अडीचशेच्या आसपास अरुंद पायऱ्या आहेत. पाच वर्षांचे मूल त्या चढते, उतरताना मात्र एका मोठ्याने पुढे राहावे. घरकाम टाळून मौजमजा करणाऱ्या मुलींची भुते रात्री हा पूल झाडतात, अशी दंतकथा तेथे सांगतात. “मुलग्यांना का नाही झाडायला लावलं?” असे मुलीने विचारले आणि सासूबाईंनी तिला दुजोरा दिला.

ओस्त्रुफ तुम्स्की हा शहराचा सर्वांत जुना भाग. तेथील गॅसचे शंभरेक दिवे आजही रोज सांजेला काळा झगा आणि उंच टोपी घातलेला माणूस लांब काठीने एकेक करून लावत जातो. उन्हाळ्यात तेथे फार उशिरा अंधारते आणि लहान मुले तोवर पेंगुळतात, त्यामुळे हे पाहायचे असेल तर शरद ऋतू निवडावा. आम्ही त्याच्यामागून पाच-सहा दिव्यांपर्यंत चालत गेलो. काठी वर गेली की क्षणभर काहीच होत नाही आणि मग काचेआड हिरवट पिवळा उजेड फुलतो. त्या एका क्षणासाठी दोन्ही मुले प्रत्येक वेळी श्वास रोखून उभी राहिली.

काही व्यावहारिक गोष्टी. गोट्यांच्या फरसबंदीवर लहान चाकांची बाबागाडी अडते, मोठ्या चाकांची असल्यास न्यावी. शाकाहारी कुटुंबांची सोय साम्यवादी काळापासून चालत आलेल्या स्वस्त भोजनगृहांत, म्हणजे ‘बार म्लेच्नी’मध्ये, उत्तम होते. बटाटा आणि ताज्या चीजचे सारण भरलेली पिएरोगी करंजीसारखी दिसते, पण उकडलेली असते. मागवताना डुकराच्या चरबीचे परतलेले तुकडे वर घालू नका असे आवर्जून सांगावे, कारण ते पुष्कळदा न विचारता घातले जातात.

शेवटच्या दिवशी जेवताना सासूबाईंनी मुलांना वळिवड्याची हकीकत सांगितली. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले होती, आणि सासूबाईंच्या आईला ते लोक आठवत असत. ज्या शहरात आम्ही बसलो होतो, ते १९४५ पर्यंत ब्रेस्लाउ नावाचे जर्मन शहर होते. युद्धात त्याचा बहुतांश भाग उद्ध्वस्त झाला, जर्मन रहिवाशांना जावे लागले आणि पूर्वेकडून विस्थापित झालेले पोलिश लोक येथे राहायला आले. रिनेकमधील रंगीत घरांपैकी पुष्कळशी त्यांनी पुन्हा उभारलेली आहेत. मुलीने नकाशाच्या मागच्या कोऱ्या जागेत कोल्हापूर लिहिले आणि शेजारी एक टोपीवाला बुटका काढला. तो नकाशा आता तिच्या टेबलावर आहे आणि राहिलेल्या बुटक्यांसाठी वसंतात पुन्हा जायचे ठरले आहे.