‘काच फ्री’ सांगितलं, आणि मावशीच्या नावावर बंपरचाही क्लेम लावला

ग्वाल्हेरमध्ये ज्यांनी अलीकडे गाडीची पुढची काच इन्शुरन्समधून बदलून घेतली असेल, त्यांनी कृपा करून आपल्या क्लेमचे कागद एकदा मागवून बघा. माझ्या मावशीचे आम्ही मागवले, तेव्हा तिच्या नावावर काय काय खपवलंय ते कळलं. मावशी शहराच्या लष्कर भागात राहते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, गाडी स्वतः चालवते आणि पॉलिसीची तारीख कधी चुकू देत नाही. अशा माणसाला फसवलं, याचा राग अजून गेलेला नाही.

झाशीहून लग्न आटोपून आम्ही परत येत होतो. डबरा सोडलं की बिलौआच्या क्रशरवरून गिट्टी भरून निघालेले डंपर लागतात, बहुतेकांवर ताडपत्री नसते. पुढच्या डंपरमधून एक खडा उडाला आणि काचेवर बसला. चहाला थांबलो तेव्हा मी त्याचा फोटो काढून ठेवला. डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, टिकलीएवढा टवका. एवढा टवका रेझिन भरून बुजवता येतो, त्याला क्लेमची गरजच नसते. मावशीने तेच ठरवलं होतं.

ती काचवाल्याकडे गेली तेव्हा मी बरोबर नव्हतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. ‘कॅशलेस’चा मोठा बोर्ड आहे एवढं सांगतो. पोराने गाडी आत नेली, मावशीला बाहेर खुर्ची दिली. थोड्या वेळाने मालकाने आत बोलावलं, तर काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी भेग. “आंटीजी, ये तो चटक गया, अब पूरा शीशा बदलेगा. टेंशन मत लो, आपका ज़ीरो डेप है, इंश्योरेंस में फ्री हो जाएगा.” (झिरो डेप म्हणजे भाग जुने झाले म्हणून क्लेममधून होणारी कपात, म्हणजे घसारा, टाळणारी जादा सोय.)

मावशीने नेमका प्रश्न विचारला होता, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, एनसीबी) जाईल का? “काँच का क्लेम गिनती में नहीं आता,” असं तो ठामपणे म्हणाला. मग आरसी, लायसन्स आणि पॉलिसीच्या कॉप्या घेतल्या, क्लेम फॉर्मवर सह्या घेतल्या (वरचे रकाने ‘हम भर देंगे’), मोबाइलवर आलेला ओटीपी घेतला आणि ‘फाइल चार्ज’ म्हणून साडेतीन हजार रोख. पावती नाही.

पहिली खूण टोलवर दिसली. फास्टॅग वाचलाच जाईना. तो काचेवरून काढला की निकामी होतो, नवा बँकेकडून घ्यावा लागतो, हे सांगायचं सोडून त्यांनी जुनाच खरवडून काढून चिकटपट्टीने लावला होता. मग पाऊस सुरू झाला आणि वरच्या कोपऱ्यातून पाणी झिरपून डॅशबोर्डवर यायला लागलं. दुकानदार म्हणे सीलंट ‘बैठने में टाइम लगता है’.

खरं काय ते रिन्युअलच्या वेळी बाहेर आलं. मावशीला ४५ टक्के बोनस होता, या वर्षी ५० व्हायला हवा होता. कोटेशनवर शून्य. कंपनीला फोन केला तर म्हणाले, तुमचा क्लेम पास झालाय. मी मावशीच्या ईमेलवरून क्लेम फॉर्म, इस्टिमेट, फायनल बिल आणि सर्व्हेचे फोटो, सगळं लेखी मागितलं. आलं ते वाचून आम्ही दोघं थक्क झालो. काच तर होतीच, पण तिच्या खाली पुढचा बंपर, त्याचं पेंटिंग आणि डावा हेडलाइट. अपघाताचं वर्णन ‘गाय आडवी आली’. खाली मावशीची सही.

फोटोंत चंदेरी गाडीचा फुटका बंपर होता आणि त्यावर मावशीचीच नंबर प्लेट. पण मावशीची गाडी खालच्या व्हेरिएंटची आहे, तिला फॉग लॅम्प नाहीतच. त्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण आहे. फोटोतल्या बंपरला दोन्ही बाजूंना फॉग लॅम्प होते. दुसऱ्याच बंपरवर प्लेट लावून फोटो काढले होते. नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने एवढंही पाहिलं नाही याचं मला दुकानदाराइतकंच वाईट वाटतं.

मग काच बारकाईने पाहिली. बिलात कंपनीची ओरिजिनल लिहिली होती. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापील खूण असते, तीत काच बनवणाऱ्याचं नाव, आयएसआय मार्क आणि लॅमिनेटेड असल्याची नोंद हवी. ओरिजिनल काचेवर बहुधा गाडीच्या कंपनीचा लोगोही असतो. आमच्या काचेवर लोगो नव्हता आणि आयएसआयही नव्हतं. ही बाब पैशांपेक्षा गंभीर आहे. पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर उडत नाहीत. ती पॉलियुरेथेन नावाच्या चिकटद्रव्याने बॉडीला घट्ट चिकटलेली असावी लागते, कारण बऱ्याच गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. जी काच पाणी रोखत नाही, ती हा भार कसा पेलणार? मावशीच्या शेजारी रोज तिची नात बसते.

आता त्या ‘फ्री’ची गोष्ट. नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) पॉलिसी असेल तर स्वतःच्या काचेला काहीच मिळत नाही, ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. तो असेल तर काचेवर घसारा शून्यच धरतात, मग झिरो डेप असो वा नसो. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापतात, तिथे झिरो डेपचा उपयोग. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे सक्तीचे १००० रुपये आपण भरायचे, त्यावरच्या गाडीला २०००. ‘फाइल चार्ज’ नावाचं काही नसतं. मावशीच्या बाबतीत १००० कायद्याचे, उरलेले अडीच हजार सरळ खिशात.

आणि काचेचा क्लेम गिनतीत येतो. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट वेगळे पैसे भरून घेतलेलं असेल, किंवा फक्त काचेच्या क्लेमला सूट आहे असं लिहिलेलं असेल, तरच बोनस वाचतो. नाहीतर बोनस शून्य, आणि २०, २५, ३५, ४५, ५० टक्के ही शिडी पुढच्या वर्षापासून पुन्हा पहिल्या पायरीपासून. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ९,००० आहे आणि बोनस ५० होणार होता. पहिल्या वर्षी ४,५०० जास्त जातील, मग २,७००, २,२५०, १,३५० आणि ४५०. एकूण ११,२५०. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण छोट्या गाडीची काच बहुतेक वेळा याहून स्वस्तात बसते. महागड्या गाड्यांचं वेगळं, तिथे काचेमागे कॅमेरा आणि सेन्सर असतात, क्लेम करणंच परवडतं. हा हिशोब दुकानदार करून देणार नाही, त्याला काच विकायची असते.

आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सगळं लेखी कळवलं. माझा टवक्याचा फोटो, फॉग लॅम्प नसलेल्या गाडीचे फोटो, कोपऱ्यातल्या खुणेचा फोटो. हे स्वतःहून कळवणं फार गरजेचं होतं, कारण कागदावर खोटा क्लेम मावशीनेच केलेला दिसत होता आणि खोट्या क्लेमवर कंपनी पॉलिसीसुद्धा रद्द करू शकते. कंपनीने मावशीचा जबाब घेतला, बंपर आणि हेडलाइटची रक्कम दुकानाकडून वसूल करण्याचं लेखी मान्य केलं. बोनस मात्र परत द्यायला नकार दिला, काच तर बदलली ना, असं त्यांचं म्हणणं. ते आम्हाला मान्य नाही. भोपाळच्या विमा लोकपालांकडे अर्ज तयार आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि नकार मिळाल्यावर, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर, वर्षाच्या आत जायचं असतं. तक्रार कशी करायची ते १५५२५५ वर सांगतात. लोकपाल फक्त विमा कंपनीविरुद्धचं ऐकतात, दुकानदारासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पोलिसांतही अर्ज दिला आहे.

एक विनंती आहे. त्या फोटोतल्या चंदेरी बंपरला उजव्या फॉग लॅम्पखाली उभी चीर आहे आणि तिच्यावर पिवळ्या रंगाचा ओरखडा. असा तयार बंपर एकाच गाडीसाठी कुणी ठेवत नाही. आपल्या पॉलिसी नंबरसह कंपनीला ईमेल करा, सर्व्हेचे फोटो मागवा, आणि हाच बंपर आपल्या नंबर प्लेटसह दिसला तर आपली तक्रारही लगेच नोंदवा. एकट्या मावशीच्या तक्रारीला दुकानदार ‘गलती से फोटो बदल गए’ म्हणून उत्तर देतोय. दुसरी तक्रार आली की ते उत्तर चालणार नाही.