ग्रे सिलिकॉन गास्केट मेकर: ट्यूब चांगली आहे, पण आधी ब्रीदर बघा

गाडी १८ वर्षं जुनी, पेट्रोल, पत्र्याचं ऑइल चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं). रोज सकाळी खाली दोन-तीन थेंब. चेंबरचं पॅकिंग (गास्केट) गेलं असणार म्हणून ही सिलिकॉनची ट्यूब आणली आणि आत्तापर्यंत दोनदा लावून झाली. पहिल्यांदा पूर्ण फसलो, पण त्यात ट्यूबचा दोष शून्य.

झालं काय, की मी घाईत जुनं पॅकिंग वरवर खरवडलं, चेंबर चढवलं, बोल्ट जीव खाऊन आवळले आणि दोन तासांत ऑइल ओतून मोकळा. आठवड्यात परत थेंब. उतरवून बघतो तर प्रत्येक बोल्टच्या भोकाशी पत्रा वर दबलेला, म्हणजे दोन बोल्टच्या मधे फट. तो पत्रा लाकडावर ठेवून हातोडीने हळूहळू सपाट केला. बोल्ट ६ एमएमचे, मॅन्युअलमध्ये टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त १० न्यूटन-मीटर, आणि मी मात्र चाकाचे नट असल्यासारखा लटकलो होतो.

दुसऱ्यांदा नीट केलं. दोन्हीकडची जागा ब्रेक क्लीनरने पुसली, ऑइलचा हात लागू दिला नाही. साधारण ३ एमएमची अखंड रेघ, भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त थापू नका हां, जादाचं सिलिकॉन आत दबतं, त्याचा तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत बसला तर थेंब परवडले म्हणायची वेळ येईल. बोल्ट आधी हातानेच लावले, मग आडवे-तिडवे थोडे थोडे आवळले आणि २४ तास ऑइल भरलंच नाही. आठ महिने झाले, चेंबरची कड कोरडी ठणठणीत.

आता खरी गंमत. चेंबर कोरडं पण थेंब चालूच!! यावेळी क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाचं बेल्टचं चाक) मागून, म्हणजे पुढचं ऑइल सील. नवीन सील आणणारच होतो, पण सहज इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं तर आतून फकफक हवा बाहेर. ब्रीदरचा, म्हणजे इंजिनमधला गॅस बाहेर काढणारा पाइप आणि त्या वाटेवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काळ्या गाळाने चोंदलेला. पिस्टनच्या कडेने जो गॅस खाली उतरतो त्याला जायला वाटच नाही, मग तो प्रेशर करून जिथे सील म्हातारं झालंय तिथून ऑइल ढकलतो. व्हॉल्व्ह बदलला, पाइप धुतला, गळती बरीचशी थांबली, फक्त ओल राहिली. हे आधी केलं असतं तर कदाचित चेंबर दोनदा उतरवावंच लागलं नसतं, असो.

त्या ओलीसाठी ऑइलमध्ये टाकायची लीक बंद करणारी बाटलीपण वापरून बघितली. ती कडक झालेलं रबर थोडं फुगवून मऊ करते एवढंच, त्यामुळे सीलवर थोडा फरक पडला, तोपण काहीशे किलोमीटर चालवल्यावर. फाटलेलं पॅकिंग किंवा वाकलेला पत्रा यावर ती काय करणार, काही नाही. गिअरबॉक्सच्या बाजूचं मागचं सील असेल तर मात्र समजू शकतो, कारण ते बदलायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणून लोक आधी बाटली ओततात.

आणि हो, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) ऑइल ओघळत खाली येऊन चेंबरच्या कडेला लोंबतं, त्यामुळे खोलायच्या आधी इंजिन धुवा, थोडं फिरवा आणि वरून खाली टॉर्च मारत बघा.

ट्यूब घेताना सेन्सर सेफ (गाडीच्या ऑक्सिजन सेन्सरला अपाय न करणारी) लिहिलेलीच घ्या, व्हिनेगरसारखा वास मारणारं साधं सिलिकॉन इंजिनला नको.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण अर्धी ट्यूब टोपी घट्ट लावून ठेवली होती, महिन्याने बघितलं तर आत अख्खा रबराचा दांडका.