मार्दी ग्रा: न्यू ऑर्लिन्सचा आणि प्रेअरीवरचा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात ईस्टरपूर्व उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी मार्दी ग्रा साजरा होतो. परंतु न्यू ऑर्लिन्समधील उत्सव आणि यूनिस, मामू अशा प्रेअरीवरील, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातील, गावांतील उत्सव यांची घडण अगदी वेगळी आहे. शहरी मिरवणुकांना आजचे रूप देणारे कोमस मंडळ १८५७ मध्ये रस्त्यावर आले. अशी जुनी मंडळे दीर्घकाळ धनिक गोऱ्या पुरुषांचीच राहिली, म्हणून कृष्णवर्णीयांनी झुलू हे स्वतःचे मंडळ उभे केले. आणि १९९१ च्या अखेरीस नगरपरिषदेने भेदभावाला मनाई केली, तेव्हा कोमसने मिरवणूकच सोडली. त्या झगमगाटाकडे पाहताना हा इतिहास नजरेआड करणे मला अन्यायाचे वाटते.

गावांत प्रेक्षक आणि सहभागी असा भेद जवळजवळ नसतो. मुखवटाधारी स्वार घरोघर फिरतात, त्यांचा कप्तान पांढरे निशाण घेऊन घरमालकाची परवानगी मागतो, मग गाणे, नाच आणि जिवंत कोंबडीचा पाठलाग होतो. जमलेल्या शिध्यातून संध्याकाळी सर्वांसाठी गम्बो हा दाट रस्सा शिजतो. ब्रिटिशांनी १७५५ पासून अकेडियातून (आजच्या पूर्व कॅनडातून) हुसकावलेल्या फ्रेंच भाषकांच्या वंशजांचा, म्हणजे कॅजनांचा, हा गम्बो तेलात गडद तपकिरी होईपर्यंत परतलेल्या पिठावर उभा असतो. शहरातील क्रिओल, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी मिश्र परंपरेच्या, गम्बोत बहुधा कोळंबी, खेकडे आणि कधी टोमॅटो असतो. गम्बोतली भेंडी मात्र आफ्रिकेतून आली, आणि गुलाम म्हणून आणलेल्या स्वयंपाकिणींचे ऋण दोन्ही पातेल्यांवर आहे. राय धान्याच्या व्हिस्कीचे साझेरॅक हे कॉकटेल निव्वळ शहराचे.